टॉप-अप करून घाट उतरा म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला पावसाळी घाटप्रवासाचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत. पण ‘एबीएस असेल तर गाडी निम्म्या अंतरात थांबते’ हे लेखकाने कुठून आणले? एबीएस (अँटी-लॉक ब्रेक यंत्रणा) चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे करकचून ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग वळवता येते. अंतर ठरते ते वेगावर आणि टायरच्या पकडीवर. कोरड्या डांबरावर ताशी ५० ला साधारण १४ मीटर लागत असतील, तर १०० ला ५६. ओल्या रस्त्यावर हे ५६ शंभराच्या घरात जातात. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच्या एका सेकंदातले २८ मीटर वेगळेच.

हे एक वेळ चालवून घेऊ. पण ‘ब्रेक ऑईल कमी दिसल्यास निघण्यापूर्वी टॉप-अप करावे’? अहो, ते कमी का झाले हे आधी बघायचे असते! ब्रेकचे पॅड झिजले की त्यांना डिस्कवर दाबणारा कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो आणि तेलाच्या डबीतली पातळी उतरते. नाहीतर कुठेतरी गळती असते. आपला सल्ला दोन्ही झाकून घाटात शिरायचा. शिवाय वरून नवे ओतल्याने जुन्यात मुरलेले पाणी जात नाही. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू ते कोरे असताना किमान २३० अंश असतो. हवेतली ओल शोषून तो १५५ पर्यंत घसरू शकतो. दीड टनाची गाडी खंडाळ्याहून खोपोलीला जवळपास पाचशे मीटर खाली येते, तेव्हा बादलीभर पाणी उकळेल एवढी उष्णता निघते. न्यूट्रलमध्ये उतरलात तर त्यातली बहुतेक डिस्क आणि पॅडच्या माथी. त्या उष्णतेने ब्रेकचे तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, दाब त्यांनाच चेपण्यात जातो आणि पेडल थेट तळाला. तासाभराने सगळे निवते, पेडल पुन्हा कडक, मेकॅनिकला काही सापडत नाही. दुसऱ्या दिवशी आपल्याच अंकात बातमी: ‘ब्रेक फेल’!

दर दोन वर्षांनी सगळे तेल बदलावे, चारही चाकांजवळच्या निपलमधून (तेल काढायच्या तोटीतून) स्वच्छ, बुडबुडे नसलेली धार येईपर्यंत. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरावा. न्यूट्रलने पेट्रोल वाचते हाही भ्रमच. गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल तोडतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. उतारावर इंजिनच बंद करणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. दोन-तीनदा ब्रेक दाबला की बूस्टरमधला (पायाच्या जोराला मदत करणारा) व्हॅक्यूम संपतो, मग सगळा जोर पायाचा.

त्याच पानावर टायरमध्ये ‘३२ किलो’ हवा भरायला सांगितली आहे. पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) म्हणायचे असावे! टायरच्या खाचांबद्दल (कायद्याने किमान १.६ मिमी, पावसासाठी ३ च्या खाली गेल्यावर बदललेलाच बरा) मात्र चकार शब्द नाही, अर्धे पान अलॉय व्हीलच्या जाहिरातीने खाल्ले आहे. दुरुस्ती छापणार असाल तर सातव्या पानाच्या कोपऱ्यात नको. त्याच पुरवणीत, त्याच आकारात, पुढच्या शनिवार-रविवारच्या गर्दीआधी छापा.

आपला,
एक वाचक, पुणे