मातीवर लिहिलेली ख्यालीखुशाली

पॅरिस,
२१ जून

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू दोन गोष्टी बोललास, त्या डोक्यातून जात नाहीत. एक म्हणजे मृग कोरडा गेला, सोयाबीनचं बियाणं घरात येऊन पडलंय पण पेरायचा धीर होत नाही. दुसरं, लेकीनं मला लूव्र संग्रहालयात नेलं आणि मी दिवसभर सीरियाच्या दालनांत रमलो असं सांगितल्यावर तू म्हणालास, "सीरिया? तिथं लढाईशिवाय आहे काय?" तुझी चूक नाही. दहा-बारा वर्षं बातम्यांत आपण पडकी घरं आणि तंबूच पाहिले. पण फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. लांबेल. सवडीनं वाच.

दालनात एक माणूस बसलेला आहे. हातभर उंचीचा, दुधी अलाबास्टर दगडाचा. वेताच्या मोढ्यावर बसलाय, उघडा, डोकं तुळतुळीत, कमरेला लोकरीच्या झुपक्यांचा घागऱ्यासारखा पोशाख, दोन्ही हात छातीशी जुळलेले. त्याचं नाव इबिह-इल. साडेचार हजार वर्षांपूर्वी मारी नगरात तो मोठा अधिकारी होता. इश्तार देवीच्या देवळात त्यानं स्वतःची मूर्ती ठेवली, आपण घरी गेलो तरी आपल्या वतीनं कुणीतरी देवीपुढे हात जोडून राहावं म्हणून. खोदकामात धड एकीकडे आणि शीर काही मीटरवर सापडलं. डोळ्यांचा पांढरा भाग शिंपल्याचा आणि बाहुल्या लाजवर्दाच्या, निळ्याशार. हा दगड मिळतो अफगाणिस्तानातल्या बदख्शानात. इतक्या लांबून आलेली ती निळाई त्या डोळ्यांत अजून ओली वाटते. मी वाकून पाहिलं आणि तो माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी पाहत होता. मला उगाच मागे वळून बघावंसं वाटलं.

मारी युफ्रेटिसच्या काठावर, आजच्या इराकच्या सीमेजवळ. तिथं आता तल्ल हरीरी नावाचं टेकाड आहे. तल्ल म्हणजे आपल्या भाषेत पांढरीचं टेकाड, गावावर गाव बसून उंच झालेलं. १९३३ साली तिथले बदाऊन, म्हणजे भटके अरब, एका मयताच्या कबरीसाठी दगड शोधत होते, तर हाती लागली शीर नसलेली मूर्ती. मग फ्रेंच उत्खनन सुरू झालं आणि राजवाडा निघाला, जवळजवळ ३०० दालनांचा. आणि त्या राजवाड्यात वीस हजारांहून जास्त मातीच्या पाट्या. त्यांतली हजारो पत्रं आहेत, दत्ता. खरीखुरी, एका माणसानं दुसऱ्याला लिहिलेली.

एक बाप मुलाला लिहितो. बाप शम्शी-अदाद, मोठा विजेता. मुलगा यस्मह-अद्दू, त्याला मारीच्या गादीवर बसवलेलं. बाप विचारतो, तू अजून पोर आहेस का, तुझ्या हनुवटीवर केस नाहीत का? तुझा भाऊ इकडे लढाया जिंकतोय आणि तू तिथं बायकांत लोळतोयस! पुढे त्याच गादीवर आलेला राजा झिम्री-लिम मोहिमेवरून राणी शिब्तूला लिहितो: नन्नामे नावाची बाई आजारी आहे असं ऐकतो, आणि ती राजवाड्यात पुष्कळ बायकांत ऊठबस करते. कडक ताकीद दे. तिच्या पेल्यानं कुणी पाणी पिऊ नये, तिच्या आसनावर बसू नये, तिच्या खाटेवर निजू नये. हा लागणीचा आजार आहे. हे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचं. करोनात आपण घरोघर जे बोललो तेच, शब्दाला शब्द.

देवसुद्धा पत्रांतूनच बोलायचे. देवळात कुणाच्या अंगात आलं, कुणाला स्वप्न पडलं, की स्थानिक अधिकारी ते राजाला कळवायचा आणि खातरजमेसाठी त्या माणसाच्या केसांची बट आणि वस्त्राची किनार पत्राबरोबर धाडायचा. अलेप्पोच्या अदाद देवाचा असाच एक निरोप झिम्री-लिमला आला. अदाद म्हणजे मेघांचा, गडगडाटाचा देव. त्यानं मागितलं काय? अन्याय झालेला पुरुष किंवा बाई तुझ्याकडे हाक घालील तेव्हा उभा राहा आणि त्यांचा निवाडा कर, एवढंच मी तुझ्याकडे मागतो. हे वाचून मी तिथल्या बाकावर बसलोच.

झिम्री-लिमचं राज्य टिकलं नाही. बाबिलोनच्या हम्मुराबीनं इ.स.पू. १७६० च्या सुमारास मारी उद्ध्वस्त केली. पाट्या मात्र ढिगाऱ्याखाली शाबूत राहिल्या. मारीच्या या पत्रांहूनही जुनं दप्तर सीरियातल्याच एब्ला नगरात होतं, ते तर आगीनंच राखलं. राजवाडा जळाला, लाकडी फळ्या जळाल्या आणि कच्च्या पाट्या विटांसारख्या भाजून निघाल्या. १९७५ मध्ये त्या सापडल्या तेव्हा पुष्कळशा फळीवरून पडल्या तशा ओळीनं होत्या. त्यांत सुमेरी शब्द आणि त्यापुढे एब्लाच्या भाषेतला अर्थ अशा याद्या आहेत. जगातले सगळ्यांत जुने शब्दकोश ते.

आता तुझ्या पावसाकडे येतो. अदादलाच समुद्रकाठच्या उगारितमध्ये बाल म्हणत, म्हणजे धनी. १९२८ साली लताकियाजवळ एका शेतकऱ्याचा नांगर थडग्याच्या दगडाला अडला आणि त्या भागाची ओळख जगाला झाली. उगारितच्या लोकांनी लिहिण्यासाठी ३० अक्षरं केली, आणि ती सगळी एका बोटाएवढ्या पाटीवर क्रमानं लिहिलेली सापडली आहेत. शेकडो चिन्हं घोकण्याऐवजी ३०. त्याच अक्षरांत बालची गोष्ट आहे. मोत नावाचा देव, म्हणजे मृत्यूच, बालला गिळतो. पाऊस थांबतो, शेतं भेगाळतात. बालची बहीण अनात त्याला शोधत फिरते. गाईचं काळीज वासरासाठी, तसं अनातचं काळीज बालसाठी, असं कवी म्हणतो. शेवटी ती मोतला धरते. पात्यानं चिरते, चाळणीनं उफणते, विस्तवात भाजते, जात्यात दळते आणि रानात पेरते. पाचही क्रिया धान्याच्या! खळ्यावर आयुष्य काढलेल्या माणसानंच हे रचलं असणार. मग देवांचा बाप इल याला स्वप्न पडतं. आभाळातून तेल बरसतंय, ओढ्यांतून मध वाहतोय. तो जागा होतो आणि ओळखतो, बाल जिवंत आहे.

त्या बालचा शिलापट इथे लूव्रमध्येच आहे, माझ्यापेक्षा थोडा बुटका. उजव्या हातात उगारलेली गदा. डाव्या हातातल्या भाल्याचं टोक जमिनीत, आणि वरच्या टोकाला पालवी फुटलेली. विजेतून पीक उगवतं, हे त्या कारागिरानं एका काठीत दाखवलंय.

उगारितचा शेवटही पत्रातच आहे. शेवटचा राजा अम्मुरापी सायप्रसच्या राजाला कळवतो की शत्रूची जहाजं आली, माझी गावं जाळली. माझं सैन्य हित्तींच्या मुलखात आहे, माझी जहाजं लुक्काच्या किनाऱ्यावर (दोन्ही आजच्या तुर्कस्तानात), देश उघडा पडलाय. आलेली जहाजं किती, तर सात. इ.स.पू. १२०० नंतर थोड्याच वर्षांत ते नगर बेचिराख झालं आणि पुन्हा उभं राहिलं नाही.

मधे एक गोष्ट सांगतो, तुझ्यातल्या घोडेवेड्या माणसासाठी. उत्तर सीरियात खाबूर नदीच्या खोऱ्यात मितन्नींचं राज्य होतं. त्यांचा किक्कुली नावाचा अश्वशिक्षक रथाच्या घोड्यांना तयार कसं करायचं ते सांगतो, आणि फेऱ्यांसाठी त्याचे शब्द आहेत ऐक, तेर, पंझ, सत्त, नव, पुढे वर्तन. पाच, सात, नऊ आणि आवर्तन! इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या त्यांच्या एका तहात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य हे देव साक्षीला आहेत. आपल्याकडे हे ऐकून लोक लगेच झेंडा रोवायला निघतात. मला ते पटत नाही. ती साक्षीदेवांची यादी फार लांब आहे, हे चार शेवटाकडे येतात आणि तिथली सामान्य प्रजा हुर्री भाषा बोलायची. पण एवढ्या लांब कुणीतरी घोड्याला "सत्त" फेऱ्या घालत होतं, हे खरं आहे आणि मला तेवढंच पुरतं.

मेघांचा देव पुढे दमास्कसलाही दिसतो, हदाद या नावानं. त्याच्या देवळाच्या जागी रोमनांनी ज्युपिटरचं देऊळ बांधलं. मग तिथं संत योहानाचं चर्च आलं. इ.स. ७०६ ते ७१५ मध्ये खलिफा अल-वलीदनं उमय्यद मशीद उभी केली. मशिदीच्या दालनात योहानाची, म्हणजे मुसलमानांच्या याह्याची, समाधी आहे; ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही तिथं माथा टेकवतात. दक्षिणेच्या भिंतीत बुजवलेल्या एका दारावर ग्रीक अक्षरं अजून आहेत: हे ख्रिस्ता, तुझं राज्य युगानुयुगांचं आहे. तेराशे वर्षांत ती कुणी छिन्नीनं खरवडली नाहीत.

म्हणून तदमूरचं, म्हणजे पाल्मिराचं, ऐकून जीव जास्त तुटतो. वाळवंटातलं ते व्यापारी नगर. इ.स. १५७ च्या एका शिलालेखात सिंधूच्या मुखाकडच्या देशातून परतलेल्या जहाजाचा उल्लेख आहे. हे व्यापारी आपल्या मृतांचे चेहरे दगडात कोरून थडग्यांवर लावत, बाजूला नाव, बापाचं नाव आणि एक शब्द, "हबल". म्हणजे "हाय रे!" लूव्रमध्ये तसे चेहरे आहेत, हातात चाती धरलेली एक बाई माझ्या आत्यासारखी दिसते. इ.स. ३२ मध्ये प्रतिष्ठा झालेलं तिथलं बेलचं देऊळ ऑगस्ट २०१५ मध्ये इस्लामिक स्टेटच्या अतिरेक्यांनी सुरुंगांनी उडवलं. त्याच महिन्यात त्यांनी खालिद अल-असाद यांना मारलं. ८० ओलांडलेला माणूस. चाळीस वर्षं त्यांनी त्या नगराच्या पुरातत्त्व खात्याची धुरा वाहिली होती, तिथली जुनी लिपी ते वाचत, मुलीचं नाव त्यांनी पाल्मिराच्या राणीवरून झेनोबिया ठेवलं होतं. इतर लोक गाव सोडून गेले, ते गेले नाहीत. मूर्ती कुठे हलवल्या ते त्यांच्याकडून काढायचा प्रयत्न झाला. त्यांनी सांगितलं नाही. त्या चेहऱ्यांपुढे मी एकदा हळूच त्यांचं नाव घेतलं आणि "हबल" म्हणालो.

पाल्मिराच्या लोकांची अरामी भाषा मात्र संपलेली नाही. येशूच्या तोंडची भाषा ती. आपल्या अशोकानं कंदाहारला ग्रीकबरोबर अरामीतही लेख कोरला. केरळातले सुरियानी ख्रिस्ती तिच्याच सुरियानी रूपात पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना म्हणत आले. आणि दमास्कसच्या उत्तरेला डोंगरकपारीतल्या मालूला गावात माणसं अजून घरात ती बोलतात. १४ सप्टेंबरला क्रुसाच्या सणाला तिथल्या डोंगरमाथ्यांवर होळ्या पेटतात.

आता आवरतो. मारीच्या पत्रांतला मला सगळ्यांत आवडलेला माणूस सांगायचा राहिला. किब्री-दगान, तेरका गावचा सुभेदार. त्याची पत्रं एकाच वाक्यानं सुरू होतात: दगान आणि इक्रुब-इल कुशल आहेत, तेरका नगर आणि प्रांत कुशल आहे. आधी देवांची खुशाली, मग गावाची, मग कालवा, धान्य, टोळधाड. तुझे आजोबा पोस्टकार्डावर लिहायचे ना, "येथील सर्व कुशल जाणून आपले कुशल लिहीत असावे", तसंच.

तर दत्ता, इथे मी आणि लेक कुशल आहोत. आर्द्रा लागतायत. पाऊस पडला की किती पडला, ओल किती खोल गेली आणि कोणत्या रानात पेरलंस ते लिही. फोन नको, पत्र लिही.

तुझा,
अरविंद