तक्रार : फायबर तुटल्यावर तुमच्याच दोन राउटरमध्ये फिरणारं ट्रॅफिक

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक विभाग

विषय : पिंपळगाव बसवंत येथील लीज्ड लाइनवर वारंवार होणारा राउटिंग लूप (डेटाची पॅकेटं पुढे न जाता राउटरमध्येच फिरत राहणं)

महोदय,

आमचं ऑफिस नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आणि द्राक्षांचं पॅकहाऊस पिंपळगाव बसवंतला. दोन्हीकडे तुमचीच इंटरनेट लाइन आहे. पॅकहाऊसच्या वायरलेस बॅकअपचं भाडं आम्ही वेगळं भरतो. हायवेलगत खोदकाम निघालं की फायबर तुटतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती त्यानंतर जे घडतं त्याची.

परवा फायबर गेलं. बॅकअपचा दिवा हिरवा, तरी पॅकहाऊसमध्ये एक पान उघडेना. न्हावाशेवाला निघणारा कंटेनर दारात उभा आणि कागदपत्रं अडकलेली. कॉल सेंटरचं एकच उत्तर, मोडेम बंद करून चालू करा. शेवटी मी अंबडहून पॅकहाऊसचा ट्रेसरूट (वाटेत लागणाऱ्या राउटरची यादी) घेतला. सुरुवातीच्या ओळी ठीक, मग तुमच्याच दोन राउटरचे पत्ते आलटून पालटून, थेट ३० व्या ओळीपर्यंत. पिंगला (पॅकेट पोहोचतं का ही चाचणी) उत्तर ‘टीटीएल एक्स्पायर्ड इन ट्रान्झिट’, म्हणजे किती राउटर ओलांडायचे याची पॅकेटची मर्यादा (टीटीएल) वाटेतच संपली. स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

यावरून दिसतं ते असं. तुमच्या एज (जाळ्याच्या कडेच्या) राउटरवर आमच्या पत्त्यांचा स्टॅटिक (हाताने टाकलेला, न बदलणारा) रूट आहे, तो पुढच्या राउटरकडे बोट दाखवतो. फायबर पडलं की त्या राउटरवरचा आमचा रूट गळतो आणि तो डिफॉल्ट रूटने (दुसरा मार्ग माहीत नसताना वापरायचा मार्ग) पॅकेट परत एजकडे पाठवतो. एज पुन्हा त्याच्याकडे. पॅकहाऊसमधून मागणी वायरलेसने बाहेर जाते, पण येणारं उत्तर या टोलवाटोलवीत मरतं.

तुमचे इंजिनिअर म्हणाले, ‘टीटीएल असतो, पॅकेट आपोआप संपतं.’ पॅकेट संपतं, लूप संपत नाही. लिनक्सचं पॅकेट साधारण ६४ आणि विंडोजचं १२८ टीटीएल घेऊन निघतं. म्हणजे एकेक पॅकेट त्याच लिंकवरून डझनावारी वेळा जातं, आणि त्या लिंकवरच्या तुमच्या इतर ग्राहकांनाही त्याचा भार सोसावा लागतो.

स्प्लिट होरायझन (ज्याच्याकडून रूट कळला त्यालाच तो परत न सांगणं) आणि पॉयझन रिव्हर्स (त्याला तो ‘बंद’ म्हणून सांगणं) हे लूपवरचे उपाय १९८८ च्या आरएफसी १०५८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातच लिहिलेले आहेत. पण ते राउटर एकमेकांना रूट कळवत असतील तेव्हाच उपयोगी. तुमचे राउटर आमच्या बाबतीत एकमेकांशी बोलतच नाहीत, सगळं हाताने टाकलेलं आहे. म्हणून मागणी स्पष्ट आहे. आमच्या जोडणीवर ओएसपीएफ किंवा बीजीपी (राउटरनी एकमेकांना रूट कळवायच्या पद्धती) चालू करा, म्हणजे फायबर पडताच वायरलेसचा रूट लागेल. शिवाय पुढच्या राउटरवर आमच्या पत्त्यांसाठी जास्त डिस्टन्सचा (म्हणजे सर्वांत कमी पसंतीचा) नल रूट टाका, म्हणजे दोन्ही मार्ग बंद असले तर पॅकेट तिथेच टाकून दिलं जाईल, उलटं फिरणार नाही.

हे काम झाल्यावर आमच्यासमोर फायबर काढून चाचणी द्या. तोपर्यंत बॅकअपचं भाडं आम्ही रोखून धरत आहोत. लेखी उत्तर सात दिवसांत मिळावं.

आपला,
संगणक व्यवस्थापक
(द्राक्ष निर्यात विभाग, अंबड, नाशिक)

सोबत : ट्रेसरूट व पिंगचे स्क्रीनशॉट