व्हँकूव्हरमधील ‘भेटीं’बाबत तक्रार

दिनांक : १४ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : जून २०२५ मधील पश्चिम कॅनडा सहलीत व्हँकूव्हर शहराचा छापील कार्यक्रम न पाळल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी.

महोदय,

मी व माझे पती, दोघेही ज्येष्ठ नागरिक, आपल्या संस्थेच्या जून महिन्यातील बारा दिवसांच्या पश्चिम कॅनडा सहलीत सहभागी झालो होतो. कॅल्गरी आणि बॅन्फचा पहिला टप्पा उत्तम पार पडला, राहण्याजेवणाची व्यवस्था चोख होती आणि माझ्या पतींचा गुडघा दुखावला तेव्हा सहलप्रमुखांनी घरच्या माणसासारखी काळजी घेतली, हे मी सुरुवातीलाच नमूद करते. माझी तक्रार १६ ते १८ जून या व्हँकूव्हरमधील तीन दिवसांपुरती आहे. परंतु ज्या कारणासाठी आम्ही ही सहल निवडली ते कारण नेमके त्याच तीन दिवसांत होते.

मी नाशिकच्या एका शाळेत एकतीस वर्षे चित्रकला शिकवली. व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या आवारातील मानववंशशास्त्र संग्रहालयात बिल रीड या हैडा (कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मूळ रहिवासी) वंशाच्या शिल्पकाराचे ‘डोमकावळा आणि पहिली माणसे’ हे पिवळ्या सीडारच्या लाकडातील भव्य शिल्प आहे. समुद्रकिनाऱ्यावर सापडलेल्या एका शिंपल्यात दडून बसलेल्या चिमुकल्या माणसांना डोमकावळा बाहेर यायला भुलवतो, ही हैडा लोकांची मानवाच्या जन्माची कथा त्यात साकारली आहे. १९८० साली हे शिल्प संग्रहालयात आले आणि २००४ मध्ये कॅनडाने काढलेल्या वीस डॉलरच्या नोटेवरही ते झळकले. त्या शिल्पाचे छायाचित्र मी वर्गात कित्येक वर्षे मुलांना दाखवत आले, आणि निवृत्तीनंतर ते एकदा प्रत्यक्ष पाहावे ही माझी इच्छा होती. तीन संस्थांच्या कार्यक्रमपत्रिका समोर ठेवून आम्ही आपली निवड केली, कारण फक्त आपल्याच पत्रिकेत ‘विद्यापीठ परिसर व मानववंशशास्त्र संग्रहालयाला भेट’ ही ओळ होती. पैसे भरण्यापूर्वी मी आपल्या नाशिक शाखेत जाऊन विचारले की संग्रहालय आतून दाखवणार ना. त्यावर ‘हो मॅडम, तिकीट टूरमध्ये इन्क्लूड आहे’ असे उत्तर मला व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मिळाले. त्या संदेशाची प्रत सोबत जोडली आहे.

१८ जून रोजी जे घडले ते असे. सकाळी १० वाजता हॉटेलमधून निघालेली बस विद्यापीठाकडे न जाता विमानतळाजवळच्या एका मोठ्या खरेदीच्या मॉलकडे वळली. पत्रिकेत त्या दिवशी खरेदीचा उल्लेखही नव्हता. तेथे आम्हाला दीड तास देण्यात आला, पुढे तो काही सहप्रवाशांच्या आग्रहावरून वाढत गेला, मग तेथेच जेवण झाले आणि आम्ही निघालो तेव्हा दुपारचे ४ वाजत आले होते. मी सहलप्रमुखांना दोनदा आठवण केली. संग्रहालयाच्या दाराशी बस थांबली तेव्हा ते बंद व्हायला जेमतेम दहा मिनिटे उरली होती आणि आत सोडण्यास तेथील कर्मचाऱ्यांनी नम्रपणे, पण रास्तपणे नकार दिला. ‘बाहेरून छान फोटो येतो, सगळ्यांनी पटकन काढून घ्या’ असे आम्हाला सांगण्यात आले. आर्थर एरिक्सन यांनी त्या किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांच्या खांब-तुळयांच्या घरांवरून रचलेली ती १९७६ ची वास्तू बाहेरून पाहण्यासारखी आहे, यात शंका नाही. तिचे मुख्य दालन भूकंपापासून सुरक्षित करण्यासाठी नव्याने बांधून जून २०२४ मध्ये पुन्हा उघडण्यात आले, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा ते बंद असण्याचे काही कारणच नव्हते. शिल्प माझ्यापासून फार तर एका मिनिटाच्या अंतरावर होते आणि मी ते न पाहता परतले. दुसऱ्या दिवशी पहाटे परतीचे विमान असल्यामुळे स्वखर्चाने पुन्हा जाण्याचीही सोय उरली नव्हती.

दुसरा मुद्दा कॅपिलानोच्या झुलत्या पुलाचा आहे आणि तो सरळ पैशांचा आहे. पत्रिकेत १७ जूनच्या सकाळी ‘जगप्रसिद्ध कॅपिलानो झुलता पूल (प्रवेश तिकिटासह)’ असे छापले आहे. हा पूल मुळात १८८९ सालचा. आजचा पूल सुमारे १४० मीटर लांब असून नदीपासून ७० मीटर उंचीवर आहे, आणि त्याचे तिकीट स्वस्त नाही. आम्हाला ज्या पुलावर नेले, तेथे तिकीटखिडकी नव्हती, रांग नव्हती आणि पाटीवर नाव होते लिन कॅन्यन. हाही झुलता पूल आहे, १९१२ पासून आहे, दरीवर सुमारे ५० मीटर उंच आहे. परंतु तो सार्वजनिक उद्यानात असून त्यावर जायला एक पैसाही पडत नाही. विचारणा केल्यावर ‘दोन्ही सारखेच, उलट इथे गर्दी कमी’ असे उत्तर मिळाले. लिन कॅन्यन सुंदर आहे आणि ‘आज कॅपिलानोऐवजी येथे नेत आहोत, तिकिटाचे पैसे परत करू’ असे आधी सांगितले असते तर मी हसत गेले असते. सांगितले नाही, आणि आजतागायत पैसेही परत आले नाहीत. ज्यांनी पाटी वाचली नाही असे आमच्यातील बरेच सहप्रवासी आजही आपण कॅपिलानो पाहून आलो असे समजत आहेत.

स्टॅन्ली पार्कबद्दल मला थोडे विस्ताराने लिहावे लागत आहे, कारण तेथे वेळेबरोबर माहितीचीही हेळसांड झाली. १८८८ साली खुले झालेले हे सुमारे ४०० हेक्टरचे उद्यान तीन बाजूंनी समुद्राने वेढलेले आहे आणि त्याच्या कडेने जाणाऱ्या सागरी भिंतीवरून चालणे हा त्या शहरातील सर्वांत मोठा आनंद आहे, असे तेथील रहिवासीही सांगतात. पत्रिकेत या उद्यानासाठी अर्धा दिवस होता. प्रत्यक्षात ब्रॉक्टन पॉइंटच्या टोटेम खांबांपाशी वीस मिनिटे थांबून बस उद्यानातून एक फेरी मारून बाहेर पडली. त्या वीस मिनिटांत आमच्या मार्गदर्शकाने ध्वनिक्षेपकावरून सांगितले की हे खांब म्हणजे ‘इथल्या आदिवासींचे देव’ असून ते पूर्वीपासून याच जागी पूजले जातात. दोन्ही विधाने चुकीची आहेत. टोटेम खांबांची पूजा होत नाही; त्यांवर कोरलेले गरुड, अस्वल, देवमासा ही त्या त्या घराण्याची कुलचिन्हे आणि पूर्वजांच्या कथा असतात. आपल्याकडे लग्नात देवक बसवतात, कुणाच्या घराण्याचे देवक कळंब असते तर कुणाचे मोराचे पीस. एवढा एक दाखला दिला असता तरी बसमधल्या प्रत्येक मराठी माणसाला ते क्षणात समजले असते. शिवाय उंच खांब उभारण्याची ही परंपरा उत्तरेकडील किनाऱ्यावरच्या लोकांची आहे आणि या उद्यानात खांब आणण्यास सुरुवात झाली ती १९२० च्या दशकात; ब्रॉक्टन पॉइंटच्या जागी ते हलवले गेले तेही १९६० च्या दशकात. ज्यांची ही मूळ भूमी, त्या मस्क्वियम, स्क्वॉमिश आणि त्स्लेल-वाटुथ लोकांचे नावही आमच्या कानावर पडले नाही. मस्क्वियम शिल्पकार सुझन पॉइंट यांनी घडवलेल्या लाकडी कमानी खांबांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवायलाही कुणाला सवड नव्हती.

गॅसटाउनमधील वाफेच्या घड्याळाबद्दलही असेच झाले. ते ‘दीडशे वर्षांपूर्वीचे’ असल्याचे सांगण्यात आले. वास्तविक ते १९७७ मध्ये बसवलेले आहे. ग्रॅनव्हिल आयलंडच्या सार्वजनिक बाजारात दोन तास मोकळा वेळ छापलेला होता, तेथे चाळीस मिनिटे मिळाली. या गोष्टी लहान आहेत आणि त्यांच्यासाठी मी परतावा मागत नाही.

एक बाब मात्र पत्रिकेत नसूनही लिहिते. १६ जूनच्या संध्याकाळी कॅनडा प्लेसजवळ आम्ही बसची वाट पाहत जवळजवळ तासभर उभे होतो. तेथून समुद्रकाठाने थोडे पश्चिमेकडे चालत गेले की कोमागाटा मारू जहाजाचे स्मारक लागते. २३ मे १९१४ रोजी ३७६ हिंदी प्रवाशांना, बहुतेक पंजाबी शिखांना, घेऊन आलेले हे जहाज याच खाडीत दोन महिने अडवून ठेवले गेले. मोजक्या प्रवाशांना उतरू दिले आणि बाकीच्यांना २३ जुलैला परत हाकलले. कलकत्त्याजवळ बजबज येथे उतरल्यावर त्यांच्यातील अनेक जण गोळीबारात मारले गेले. २०१६ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली. मी तेथे जाऊन येऊ का असे विचारले, तेव्हा गटापासून वेगळे होता येणार नाही असे सांगण्यात आले, आणि तो नियम मी पाळला. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर आम्ही दोघे स्वतःच चालत गेलो. त्या दिवसांत तेथे रात्री ९ नंतरही उजेड असतो. स्मारकापाशी आमच्याखेरीज एक वृद्ध सरदारजी तेवढे होते. ते पादत्राणे काढून उभे होते, म्हणून आम्हीही काढली. चाळीस भारतीयांचा गट त्या ठिकाणापासून काही मिनिटांवर तासभर रिकामा उभा राहतो आणि त्यांना ते ठिकाण कुणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटले. पुढील सहलींसाठी आपण याचा विचार करावा.

परत आल्यावर २६ जून रोजी मी आपल्या पुणे कार्यालयाशी दूरध्वनीवर बोलले. तेथील अधिकाऱ्यांनी दोन उत्तरे दिली. पहिले असे की ‘भेट’ याचा अर्थ पर्यटन व्यवसायात ‘बाहेरून पाहणे’ असाही होतो. हे मला मान्य नाही. पंढरपूरला मुखदर्शनाची रांग वेगळी असते आणि पदस्पर्श दर्शनाची वेगळी, आणि आपण कोणत्या रांगेत उभे आहोत हे वारकऱ्याला आधी माहीत असते. ज्याला वेळ नाही तो कळसाला हात जोडून समाधानाने परततो, कारण त्याला कुणी गाभाऱ्याचे आश्वासन दिलेले नसते. आपल्याच पत्रिकेत अन्य ठिकाणी ‘बाहेरून दर्शन’ आणि ‘फोटोसाठी थांबा’ असे शब्द स्वतंत्रपणे वापरलेले आहेत. म्हणजे हा फरक आपल्याला माहीत आहे आणि संग्रहालयासमोर ‘भेट’ हाच शब्द आपण जाणीवपूर्वक छापला आहे.

दुसरे उत्तर असे की अटींमधील कलमानुसार कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार संस्थेकडे आहे. ते कलम मी पुन्हा वाचले. त्यात हवामान, रस्ते बंद असणे, संप, आजारपण आणि ‘संस्थेच्या नियंत्रणाबाहेरील कारणे’ असे शब्द आहेत. १८ जूनला आकाश निरभ्र होते, रस्ते मोकळे होते आणि बस आपल्याच सहलप्रमुखांच्या सांगण्यावरून चालत होती. मॉलमध्ये थांबणे हे नियंत्रणाबाहेरील कारण कसे ठरते, हे मला लेखी कळवावे.

आम्ही दोघांनी मिळून या सहलीसाठी ९ लाख ४० हजार रुपये भरले. ती निवृत्तीच्या रकमेतून बाजूला काढलेली पुंजी होती आणि त्या वयाला पुन्हा तेवढा प्रवास होईलच असे नाही. माझी मागणी अशी आहे की कॅपिलानो पूल व मानववंशशास्त्र संग्रहालय या दोन्ही ठिकाणच्या दोन व्यक्तींच्या प्रवेशशुल्काची रक्कम त्या दिवशीच्या दराने परत करावी आणि १८ जूनचा संपूर्ण दिवस वाया गेल्याबद्दल सहलशुल्काचा बारावा भाग द्यावा. त्याचबरोबर, ज्या सहप्रवाशांना पूल बदलल्याचे कळलेले नाही त्यांनाही आपण होऊन कळवून त्यांच्या तिकिटाचे पैसे परत करावेत. ही मागणी माझ्या लेखी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. पुढील हंगामाच्या पत्रिकेत कोणते ठिकाण आतून, कोणते बाहेरून आणि तेथे किमान किती वेळ, हे प्रत्येक ओळीत लिहावे, आणि व्हँकूव्हरच्या मार्गदर्शकाला देण्याची माहिती जाणकाराकडून तपासून घ्यावी. त्या कामी माझी काही मदत होणार असेल तर मी ती विनामूल्य करीन.

पत्रिका, पावती, व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि वेळेची नोंद असलेली छायाचित्रे यांच्या प्रती सोबत आहेत. हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी दाद मागेन. तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, याची मी माहिती करून घेतली आहे. ती वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण बॅन्फमध्ये माझ्या पतींना हात देऊन बसमध्ये चढवणारी माणसेही आपल्याच संस्थेची होती.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, नाशिक
(नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे.)