सावकाश होऊ द्या, चीनमध्येसुद्धा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतल्या चीनवरच्या लेखाची लिंक बहिणीने पाठवली, वाचला आणि राहवेना म्हणून हे पत्र. लेखकाने आठ दिवसांच्या टूरवर ठरवून टाकलंय की चिनी माणूस रुक्ष असतो, हसत नाही, थँक्यू म्हणत नाही, मेट्रोत ढकलतो. ढकलतात हो, मीपण आता ढकलते. पण बाकीचं काही पटलं नाही. कापडाच्या कामानिमित्त मी तीन वर्षं हांगझोऊला राहतेय, शांघायहून बुलेट ट्रेनने तासाभरावर, भाषा अजून मोडकीतोडकीच येते पण भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकी येते.

त्या थँक्यूचंच घ्या. इथे परदेशी माणूस हॉटेल सोडून कुठे घरात राहिला की २४ तासांच्या आत पोलिसांकडे पत्ता नोंदवावा लागतो. मी आले त्याच दिवशी घरमालकीणबाई मला पोलीस स्टेशनला घेऊन गेल्या, फॉर्म सगळा चिनीत, आणि माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव मिळून इतकं लांब की तिथल्या माणसाने पासपोर्ट उलटसुलट करून यातलं नेमकं नाव कुठलं असं विचारलं (इथे आडनाव आधी आणि सगळं मिळून दोन नाहीतर तीन अक्षरं, संपलं). बाई तासभर माझ्यासाठी उभ्या. बाहेर पडल्यावर मी दर दोन वाक्यांनी शिएशिए शिएशिए, म्हणजे थँक्यू थँक्यू. तर त्या मधेच थांबल्या आणि जरा चिडूनच म्हणाल्या, "बू याओ ख-छी." त्यातल्या ख-छीचं पहिलं अक्षर म्हणजे पाहुणा. थोडक्यात काय, पाहुण्यासारखं करू नकोस! आपण तरी आईने ताट वाढलं की तिला थँक्यू म्हणतो का? घरच्याला म्हटलं तर ते त्याला परकं केल्यासारखंच होतं, इथेही तसंच. त्या बाईंना सोसायटीत सगळे "आयी" म्हणतात, म्हणजे मावशी. आपल्या आईशी त्याचा काही संबंध नाही हे मला माहितीये, तरी पहिल्यांदा मी हाक मारली तेव्हा घसा दाटून आला, आता काय करणार.

दुसरं म्हणजे जेवण. ऑफिसच्या लोकांबरोबर पहिल्यांदा गोल टेबलावर बसले, मधे फिरती काच, एकाचं सगळ्यात आधी आटोपलं तर तो चॉपस्टिक खाली ठेवून बाकीच्यांना म्हणाला "मान मान छी". अर्थ विचारला तर सावकाश खा. अहो हे तर आपलं पंगतीतलं सावकाश होऊ द्या! निघताना दारात "मान त्सौ", म्हणजे सावकाश जा, हे तर दुकानदारही म्हणतो, वॉचमनही म्हणतो. आणि बिल कोणी द्यायचं यावरून तिथे जी ओढाताण झाली, एकाने दुसऱ्याचा हात मागून धरून ठेवला होता, ती बघून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. शेवटी जो टॉयलेटला जातो म्हणून उठला होता तो बाहेर परस्पर क्यूआर स्कॅन करून पैसे देऊन आला होता. रुक्ष म्हणे.

आता फजितीचं सांगते, कारण सगळंच काही आपल्यासारखं नाहीये. आठ हा इथला लकी आकडा, आणि त्यानेच मला दोनदा फसवलं. भाजी मार्केटमध्ये पालेभाजीचा भाव विचारला तर त्या माणसाने अंगठा आणि तर्जनी ताणून पिस्तूल रोखल्यासारखा हात केला, मी चक्क एक पाऊल मागे. ते आठ होतं, आठ युआन. इथे सहा ते दहा एकाच हातावर दाखवतात, सहाला अंगठा आणि करंगळी. दुसरी गोष्ट कोटाची. दुकानात ५०० युआनच्या कोटावर मोठ्ठा ८ आणि पुढे एक चिनी अक्षर. मला वाटलं ८० टक्के सूट, म्हणजे १०० युआन, खुशीत काउंटरवर गेले, मोबाइल पुढे केला आणि टुंग करून ४०० गेले. त्या ८ चा अर्थ किमतीचे दहातले आठ भाग द्या, म्हणजे सूट फक्त २० टक्के! परत द्यायची लाज वाटली म्हणून अजून तोच घालते.

कोट लागतोच म्हणा. चीनमध्ये छिनलिंग डोंगर आणि हुआय नदीच्या रेषेच्या उत्तरेकडे हिवाळ्यात सरकारी हीटिंग असतं, दक्षिणेला नाही. हांगझोऊ दक्षिणेत, त्यामुळे जानेवारीत बाहेर शून्याच्या आसपास आणि घरातही जवळपास तेवढंच, एसीच गरम हवेवर लावून बसायचं. याच्यावर सगळ्यांचा उपाय एकच, गरम पाणी. सर्दी, गरम पाणी. पोटात दुखतंय, गरम पाणी. बॉसने झापलं, गरम पाणी. आधी मला वाटायचं टाळतायत, मग ताप आला तेव्हा आयी न सांगता थर्मास दारात ठेवून गेल्या, बेलसुद्धा वाजवली नाही. हाय स्पीड ट्रेनच्या डब्यातही उकळत्या पाण्याचा नळ असतो, लोक थर्मास घेऊन लाइनीत.

ऑफिसात पहिल्या दिवशी जेवल्यावर अचानक अंधार झाला, मला वाटलं लाइट गेली, बघते तर लोकांनी टेबलाखालून फोल्डिंगच्या खाटा काढल्या आणि आडवे झाले, मॅनेजरसकट. मी एकटीच कीबोर्ड बडवतेय. वामकुक्षीला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

रस्त्याचंही लिहायला हवं. हांगझोऊत झेब्रा क्रॉसिंगवर बस थांबते. मी बस जायची वाट बघतेय, बस माझी वाट बघतेय, असं आम्ही बराच वेळ एकमेकींकडे बघत उभ्या. मात्र फुटपाथवर मागून इलेक्ट्रिक स्कूटर आवाज न करता अंगावर येते, तिथे कोणी कोणासाठी थांबत नाही, सावकाश जा वगैरे तिथे लागू नाही.

लेखात तीन चुका राहिल्यात त्या तेवढ्या दुरुस्त करा. भारत आणि चीनमधला वेळेचा फरक साडेतीन नाही, अडीच तासांचा आहे, आणि अख्ख्या चीनमध्ये एकच वेळ चालते. भरपूर कॅश न्या म्हटलंय, पण १०० ची नोट दिली की भाजीवाला सुट्टे शोधत बसतो, त्यापेक्षा अलीपे किंवा वीचॅट या मोबाइलवरून पैसे द्यायच्या अ‍ॅपला आपलं कार्ड जोडून ठेवा. शाकाहारींनी नुसतं "मांस नको" म्हणून चालत नाही, टोफूवर खिमा भुरभुरून येतो कारण तो जरासाच असतो. देवळांजवळची बौद्ध शाकाहारी हॉटेलं शोधा, तिथे बहुतेक ठिकाणी कांदा लसूणही नसतो.

बाकी पब्लिक टॉयलेटला जाताना खिशात टिश्यू ठेवा असं लिहिलंय, ते मात्र शंभर टक्के बरोबर आहे.

आपली,
एक वाचक, सध्या मुक्काम हांगझोऊ