न्हाणीपासून सुरुवात करूया

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत, घर सजवायचं शिकणाऱ्याला म्हातारपणाचं शास्त्र कशाला? शिमगा झाला की घर तुमच्या वयाला सोयीचं करायला मिस्त्री येणार आहे, तेव्हा उत्तर मापांसकटच लिहिते.

मी करतेय तो ऑनलाइन ग्रॅज्युएट सर्टिफिकेटचा अभ्यास म्हणजे पदवीनंतरचे मोजके विषय. वय वाढताना डोळे, सांधे, तोल आणि स्मरण यांचं काय होतं ते एका बाजूला. उजेड, रंग, फरशी आणि फर्निचर दुसऱ्या बाजूला. एवढ्यावर कोणी डॉक्टर होत नाही की आर्किटेक्ट. गुडघ्यांचं फिजिओथेरपिस्टनेच बघायचं. पण दोन विषय जोडायचं कारण म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्या लॉटन आणि नाहेमो या अमेरिकी संशोधकांनी १९७३ मध्येच मांडून ठेवलंय. माणसाच्या अंगात जेवढं बळ आहे, तेवढंच घराने मागावं. जास्त मागितलं तर माणूस पडतो, धास्तावतो. फारच कमी मागितलं, तर आहे तेही बळ जातं. ही दुसरी बाजू लोक विसरतात आणि साठी उलटली की घराचं इस्पितळ करून टाकतात.

म्हणून तुळशीकडे उतरणाऱ्या तीन पायऱ्या मी काढणार नाही. तीन पायऱ्यांची उंची ४५ सेंटीमीटर. उतार करायचा तर एकास बारा या प्रमाणाने ५.४ मीटर लांबी हवी. अंगणात तेवढी जागा नाही, आणि पावसात शेवाळलेला उतार पायऱ्यांहून वाईट. पायऱ्या राहू देत. दोन्ही बाजूंना मुठीत मावेल असा गोल कठडा घालूया, ८५ ते ९० सेंटीमीटर उंचीचा, वर आणि खाली पायरीच्या पुढे ३० सेंटीमीटर निघालेला. पहिल्या आणि शेवटच्या पायरीवर हाताला आधी आधार मिळतो तो या वाढीव तुकड्यामुळेच. मिस्त्री तो 'फुकटचा पाइप' म्हणून कापेल. कापू देऊ नका.

पैसे आधी न्हाणीत घालायचे. हॉलचा रंग वर्षभर थांबला तरी चालेल.

न्हाणीचं दार आत उघडतं. आत कोणी पडलं तर अंग नेमकं दाराला टेकतं आणि बाहेरून ढकलता येत नाही. बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असं करायचं. कडीच्या जागी बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं कुलूप.

मग कमोड. अमेरिकेच्या नियमात बैठकीची उंची ४३ ते ४८ सेंटीमीटर आहे, पण ती चाकाच्या खुर्चीवरून सरकून बसणाऱ्यांच्या सोयीची. आई, तुझ्या उंचीला ४८ वर पाय लोंबकळतील, आणि लोंबकळत्या पायांनी उठायला जोर लावता येत नाही. तेव्हा कॅटलॉग बाजूला ठेव. खुर्चीवर ताठ बसून तळवे जमिनीला सपाट टेकव आणि गुडघ्याच्या मागच्या वळणापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोज. त्यात दोन-तीन सेंटीमीटर मिळवले की तुझी उंची. बाबांचं माप वेगळं येईल. कमोड आईच्या मापाने घेऊन बाबांसाठी वर काढता-घालता येणारी उंच बैठक ठेवायची. उलटं केलं तर आईला रोज पायाखाली पाट लागेल, आणि ओल्या न्हाणीत पाट मला नको.

धरायच्या दांड्याच्या उंचीवर नियमांचंही एकमत नाही. ब्रिटनमध्ये आडवा दांडा बैठकीपासून साधारण २० सेंटीमीटर वर येतो, अमेरिकेत जमिनीपासून ८४ ते ९१ वर. म्हणून मिस्त्रीने भोक पाडण्याआधी दोघांनीही बसून-उठून बघा. हात आपोआप भिंतीला जिथे जातो तिथे खडूने खूण करा. दांडा ३२ ते ३८ मिलीमीटर जाडीचा हवा आणि भिंतीपासून ३८ मिलीमीटर सुटा. फट याहून मोठी असली तर घसरताना हात कोपरापर्यंत आत जाऊन अडकतो. आणि बाबा, टॉवेलच्या दांडीला धरून उठणं आजपासून बंद. ती टॉवेलचं वजन धरण्यापुरतीच असते.

आता गोम आपल्या भिंतीत आहे. जांभ्या दगडाच्या चिऱ्याला बाहेरून कठीणपणा असला तरी आत मऊ मातीचे कप्पे निघतात. नेहमीचा प्लास्टिकचा गट्टू आणि स्क्रू दोन महिने घट्ट वाटतो, मग जोर पडला की जागेवर फिरायला लागतो. त्यापेक्षा दोन उपाय. न्हाणीच्या मागची बाजू मोकळी आहे तिथे बोल्ट आरपार काढून बाहेर लोखंडी पट्टी आणि मोठा वॉशर लावायचा. बोल्टाचं भोक बाहेरून सीलंटने बंद, नाहीतर जुलैत तिथूनच ओल येईल. जिथे आरपार जाता येत नाही तिथे जाळीची नळी घालून केमिकल अँकर, म्हणजे भोकात घट्ट होणारं रसायन भरून त्यात बसवलेली खुंटी. भोकातली भुकटी ब्रशने काढून, फुंकून, पुन्हा ब्रशने काढायची. हे मिस्त्री टाळतातच. मग रसायन चिऱ्याला न चिकटता भुकटीला चिकटतं आणि अख्खी खुंटी उपटून हातात येते. भिंत कोरडी असताना, म्हणजे पावसाआधीच हे उरकायचं. पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण झाल्यावर मिस्त्रीलाच दोन्ही हातांनी दांड्याला ओढून बघायला लावा. अमेरिकेचा नियम साधारण ११३ किलोचा भार मागतो, आणि आपला मिस्त्री काही तेवढा भरत नाही, तेव्हा त्याचा संकोच नको.

फरशी गुळगुळीत घेऊ नका. दुकानात 'अँटी-स्किड' सगळेच म्हणतात. खोक्यावर आर ११ ही न घसरण्याची प्रत लिहिलेली बघा, आणि टाइलवर पाणी टाकून अनवाणी उभे राहून बघा. पांढऱ्या टाइल्सवर पांढरा कमोड आणि पांढरा दांडा अजिबात नको. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, फिके रंग एकमेकांत मिसळतात. गडद दांडा, गडद बैठक, फिकी भिंत.

उजेडाचं थोडक्यात. साठीला डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांश उजेड पोचतो. अंगणातल्या उन्हातून माजघरात येताना क्षणभर काहीच दिसत नाही, त्याला हेही एक कारण. अंधाराला सरावायलाही आता जास्त वेळ लागतो. माजघरातला दिवा दिवसाही लावा, बिलाची काळजी नको, एलईडी आहे. काचेचं कौल आहे ते उत्तम, पण दुपारी त्याचा कवडसा घोटलेल्या तांबड्या कोब्यावर पडून चकाकतो आणि तिथे सांडलेलं पाणी लपतं. त्या जागेवरून वावरायची वाट काढू नका. पलंगापासून न्हाणीपर्यंत चाहूल लागताच पेटणारे छोटे दिवे लावायचे, आणि त्यांची जोडणी इन्व्हर्टरवरच. पावसात आपल्याकडची वीज नेमकी रात्री जाते.

रात्री उठताना पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, मग उभं राहायचं. बाबा, रक्तदाब एकदा आडवं पडून आणि एकदा उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे. हे घर बदलून सुटणारं दुखणं नाही.

दर्शनी दाराचा उंबरठा राहील, त्याची पूजा होते आणि तो ठळक दिसतो. घातक ठरतात त्या आतल्या दोन-अडीच सेंटीमीटरच्या पट्ट्या. पाऊल पूर्वीसारखं उचललं जात नाही आणि डोळ्याला त्या दिसतही नाहीत. त्या काढून टाकू.

चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, स्टुलावर चढून बांधणं बंद. वाशाला दोन कप्प्या लावून चौकट कमरेपर्यंत खाली घ्यायची, फळं-पानं तिथेच बांधायची आणि दोघांनी दोर ओढून वर न्यायची. सुपारीच्या कात्र्या म्हणजे घड आणि नारळ यांनी ती भलती जड होते, तेव्हा ओढायला शेजारची मुलं बोलवा. तुम्ही गाठी मारा.

मला पाच मापं कळवा: दोघांच्या गुडघ्यांची, न्हाणीच्या आतली लांबी-रुंदी, आणि दाराची मोकळी रुंदी. शेवटचं माप कवाड काटकोनात उघडून, कवाडाच्या अंगापासून समोरच्या चौकटीपर्यंत घ्यायचं. मिस्त्री चौकटीचं माप देतो, त्यात चार-पाच सेंटीमीटर जास्त येतात आणि पुढे वॉकर अडकतो.

तुमची,
नंदा

ता. क. पायऱ्यांवरचं शेवाळ ब्लीचिंग पावडर आणि काथ्याच्या ब्रशने मे अखेरीस काढून घ्या. त्यात न्हाणीतलं अॅसिड मिसळू नका, विषारी वायू सुटतो. धुऊन वाळल्यावर प्रत्येक पायरीच्या कडेला ५ सेंटीमीटर रुंद पिवळा पट्टा ओढायला सांगा. अख्खी पायरी रंगवली तर कड कळत नाही.