लाल दिवा लुकलुकत होता

पुणे,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय सद्या,

परवा फोनवर तू हसलास, "बातम्या वाचायला कसला आलाय कोर्स? समोर कागद असतो की!" तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून आता पत्र लिहितोय. दोन महिन्यांपूर्वी, हा रेडिओ-टीव्हीच्या बातम्यांचा कोर्स सुरू करेपर्यंत, मीही तेच म्हणत होतो. तुला आठवतं ना, आमच्या घरी आकाशवाणी पुण्याच्या सात-पाचच्या बातम्या लागल्या, की आजोबा घड्याळाला किल्ली द्यायचे आणि आई डबा भरायला घ्यायची. बातम्या कोणी तरी लिहीत असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही.

पहिल्या दिवशी सरांनी पेपरातली एक बातमी दिली आणि रेडिओसाठी लिहायला सांगितली. मी ती थोडी छोटी केली, एवढंच. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि माझंच वाक्य मोठ्यानं वाचलं. "गेल्या आठवड्यात झालेल्या अवकाळी पावसामुळे पिकांचे नुकसान झालेल्या शेतकऱ्यांना तातडीने मदत देण्यात येईल, असे आश्वासन पालकमंत्र्यांनी दिले." मग विचारलं, "हे कोण म्हणतंय, ते कधी कळलं?" लेका, मराठीत ही मोठीच पंचाईत आहे. क्रियापद शेवटी येतं आणि 'असे ते म्हणाले' तर त्याच्याही मागून. पेपर वाचणारा मागं वळून बघू शकतो. ऐकणारा भाकरी थापत असतो, त्याला वाक्य एकदाच मिळतं. बोलणारा शेवटी आला, तर तोवर ते आश्वासन बातम्या वाचणाऱ्याचंच वाटतं. म्हणून आधी माणूस, मग त्याचं म्हणणं. शाळेत पल्लेदार वाक्यांना मार्क मिळायचे, इथं त्यांवरच काट मारतात.

आकड्यांचं तर विचारूच नकोस. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी एका दमात म्हणून बघ. 2,987 क्विंटल असलं, तर सरळ 'सुमारे तीन हजार' म्हणायचं. आणि 'जगात'मधला ज वेगळा, 'जगणं'मधला वेगळा. मी 'पानी' म्हणालो तेव्हा वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, बातमीपत्रात 'पाणी'च म्हण, पण शेतकऱ्याच्या बाइटमधलं, म्हणजे त्याच्या रेकॉर्ड केलेल्या बोलण्यातलं, 'पानी' कुणी सुधारायला गेलं तर त्याचा हात धर.

आता फजिती ऐक. कांद्याच्या भावावर काम दिलं होतं. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेलो. एक शेतकरी मनापासून बोलले. वाहतूक, हमाली, तोलाई, हातात काय उरलं, सगळं. वीस मिनिटं. रेकॉर्डरचा लाल दिवा लुकलुकत होता, मी खूश. खोलीवर येऊन बघतो तर फाइलच नाही! त्या यंत्रात बटण एकदा दाबलं की ते नुसतं तयारीत राहतं, दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि मग रेकॉर्डिंग सुरू होतं. हेडफोन मात्र कानाला होता, त्यामुळे आवाज नीट ऐकू येत होता. तोच घात झाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. ते नव्हते, दुसरे भेटले. घाईत विचारलं, "भाव कमीच मिळाला ना?" ते म्हणाले, "हो." माझा प्रश्न कापल्यावर उरला नुसता 'हो'! त्याचं करायचं काय? तिथून 'काय झालं ते सांगा' एवढंच विचारायला शिकलो, आणि मग गप्प बसायला. गप्प बसणं सगळ्यात अवघड. आपण 'हं, हं' करतो तेही टेपवर येतं, म्हणून नुसती मान हलवायची. निघताना अर्धा मिनिट बाजाराचा नुसता आवाज घेऊन ठेवायचा. हमालांच्या हाका, लिलावाचा गलका. रेकॉर्डिंगचे तुकडे जोडताना सांधे त्यानंच झाकले जातात.

टीव्हीचं अजून नीट जमत नाही. कॅमेरा सारखा फिरवतो म्हणून बोलणी खातो. एक शॉट दहा सेकंद धरून ठेवायचा, हे हाताला पटतच नाही. पाऊस दिसतोय तर 'पाऊस पडत आहे' लिहायचं नाही, किती वेळ पडतोय ते लिहायचं. पीटूसीला, म्हणजे कॅमेऱ्याकडं बघून बोलायला, उभा राहिलो की हातांचं काय करावं कळत नाही. मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झालं. तिथं स्मिता पाटील बातम्या वाचायच्या, पुढं प्रदीप भिडे. त्यांच्या जुन्या चित्रफिती बघतो. एक शब्द दुसऱ्यावर चढत नाही. हल्लीच्या चॅनेलांवर सगळे ओरडतात, ते मला शिकायचं नाही. पण नोकरी तिथंच आहे, हेही खरं. खासगी एफएमना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, लावायच्या तर आकाशवाणीच्याच. मग रेडिओवाल्यानं जायचं कुठं?

असो. दिवाळीत येतोय. रेकॉर्डर मिळाला तर घेऊनच येईन. तुझ्या आजीला आधी सांगून ठेव, जात्यावरच्या ओव्या घ्यायच्यात. माळ्यावरचं जातं खाली काढ, नुसत्या ओव्या नकोत, त्याची घरघरही हवी. आणि दिवा स्थिर झाला का, ते तू बघायचं.

तुझा,
दिन्या

ता. क. आजी 'पानी' म्हणते ना? म्हणू दे.