दोरी वर टाकायला दगड नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिना लागला की फांद्या छाटणीच्या बातम्या आणि फोटो सगळ्याच पेपरात येतात, आपल्याही येतात. फोटो बघणाऱ्याचं लक्ष वर चढलेल्या माणसाकडे जातं, हार्नेस आहे का, हेल्मेट आहे का यावर लोक बोलतात आणि बोलायलाच पाहिजे. पण ती दोरी पन्नास-साठ फुटांवर गेली कशी हे कोणी विचारत नाही. मी ठाण्यात सोसायट्यांची झाडं दोरीने चढून छाटायचं काम करतो. आमच्या धंद्यात बऱ्याच ठिकाणी अजूनही दोरी वर जाते ती दगड बांधून, नाहीतर गॅरेजमधून आणलेला मोठा नट बांधून. दगड गाठीतून सटकला तर खाली कोणाच्या डोक्यात नाहीतर पार्किंगमधल्या गाडीच्या काचेवर, आणि नाही सटकला तर बेचक्यात असा जाऊन बसतो की मग दोरीच कापावी लागते.

यासाठी खास थ्रो बॅग मिळते. मुठीत मावेल एवढी लांबट पिशवी, आत शिशाचे छर्रे, वर एक कडी, रंग भडक केशरी नाहीतर पोपटी म्हणजे पानांत दिसेल. तिला बांधायची ती थ्रोलाइन, जेमतेम 2 मिमी जाडीची गुळगुळीत दोरी. पिशवी फांदीवरून पलीकडे जाऊन जमिनीवर आली की त्या बारीक दोरीने चढायची जाड दोरी वर ओढून घ्यायची. एवढंच काम आहे, पण पिशवी किती वजनाची घ्यायची इथे बहुतेक जण चुकतात, कारण सगळ्यांना वाटतं हलकी असेल तर उंच जाईल. जातेही उंच. पण मग तिथेच लटकून राहते.

माझं म्हणणं एवढंच आहे की वजन वर जाण्यासाठी निवडायचंच नाही, खाली येण्यासाठी निवडायचं. फांदी ओलांडली की पिशवीला मागची सगळी दोरी स्वतःच्या वजनाने सालीवरून घासत खाली ओढायची असते. अर्जुन किंवा निलगिरीसारखी गुळगुळीत साल असेल तर दोरी सरसर सरकते, पण रेन ट्री, चिंच, जुना आंबा यांची साल खरखरीत भेगांची, तिथे दोरी भेगेत बसते आणि पिशवी वीस फुटांवर झोके घेत राहते. त्यात दोरी एकाऐवजी दोन-तीन फांद्यांवरून गेली असेल तर बघायलाच नको, प्रत्येक फांदीवर घर्षण नुसतं वाढत नाही, गुणत जातं. हे कागदावरचं गणित नाही, दोरी हातात धरून हळूहळू सोडलीत की लगेच कळतं, एका फांदीवर पिशवी आपणहून उतरते आणि तिसऱ्या फांदीवर तीच पिशवी दोरी ढिली सोडून झटके दिले तरी हलत नाही.

या पिशव्या औंसाच्या मापात येतात, साधारण 8 ते 16 औंस, म्हणजे 225 ते 450 ग्रॅम. एकच घ्यायची असेल तर 12 औंसाची घ्या, 340 ग्रॅमच्या आसपास. पण खरं तर दोन हव्यात. गुळगुळीत सालीला आणि मोकळ्या झाडाला 10 औंस पुरते, हाताला हलकी, नेम चांगला लागतो. खरखरीत सालीला आणि दाट फांद्यांना 14. पावसात अजून एक पायरी वर जा, कारण भिजलेली दोरी जडही होते आणि सालीला चिकटतेही. उलट सरसकट 16 घेऊन फिरणारेही मी बघितलेत, त्यांचा हात लवकर भरून येतो, नेम चुकायला लागतो आणि पिशवी फांदीला गुंडाळली तर ती सोडवणं जास्त कठीण. हाताने पायांमधून झोका देऊन फेकलं तर बेताची उंची गाठता येते, त्याच्या वर लांब काठीवर बसवलेली मोठी गलोल लागते आणि तिला 10-12 औंसच बरं, जास्त जड पिशवी तिच्यातून अर्ध्यातच बसते.

घरी करून बघणारे मोज्यात वाळू भरतात. तेवढंच वजन वाळूने करायला गेलं तर पिशवी कितीतरी मोठी होते आणि मोठी पिशवी बारीक डहाळ्यांत अडकते. शिसं पाण्याच्या 11 पट जड, म्हणून लहान आकारात वजन मिळतं आणि लहान गोल तोंडाची पिशवी पानांतून पाण्यासारखी वाट काढते. नटाला कडा असतात, त्या अडकतात, एवढा साधा मुद्दा आहे.

फेक चुकून पिशवी भलत्याच फांदीवरून खाली आली तर नवीन पोरं काय करतात, तशीच मागे ओढतात. मग ती हमखास बेचक्यात घुसते. पिशवी जमिनीपर्यंत खाली सोडा, गाठ सोडून काढून घ्या आणि नुसती मोकळी दोरी मागे ओढा, ती सापासारखी निघून येते. आणि अडकलीच तर जोरात हिसका मारू नका, ताणलेली दोरी सुटते तेव्हा पाव-अर्धा किलो शिसं थेट तोंडावर येतं. बाजूला सरकून, कोन बदलून, हळू ताण द्या.

फेकायच्या आधी वर नीट बघा, दुर्बीण असेल तर तिने. आग्या मोहोळ असलेल्या झाडावर शिशाची पिशवी फेकणं म्हणजे काय ते कोणाला समजावून सांगायला नको. विजेच्या तारा जवळ असतील तर फेकायचंच नाही, ओली दोरी तारेवर पडली तर संपलं. बगळ्यांची घरटी असलेले रेन ट्री पावसाळ्यात सोडून द्यावेत हे माझं मत, सोसायटीचे सेक्रेटरी कितीही घाई करू देत. जी फांदी निवडली ती जिवंत हवी, मनगटापेक्षा चांगली जाड हवी, आणि चढण्याआधी दोघांनी मिळून दोरीला लोंबकळून बघायचं. शेवगा आणि गुलमोहर दिसतात तेवढे भक्कम नसतात, शेवग्याचं तर घराघरात माहीत आहे. आणि नारळ-सुपारीला बेचकंच नसतं, तिथे हा सगळा प्रकार कामाचा नाही, पाडेकऱ्याची पद्धतच चालते.

आता हे पेपरात का लिहितोय. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात 2021 मध्ये बदल होऊन 50 वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज झाड म्हणून वेगळं स्थान मिळालंय, म्हणजे जुनी उंच झाडं राहणार, राहायलाच हवीत, आणि त्यांच्या वाळलेल्या फांद्या काढायला कोणीतरी वर जाणार. क्रेनची गाडी प्रत्येक गल्लीत शिरत नाही. कामाच्या अटींत सेफ्टी बेल्ट आणि हेल्मेट असं लिहिलेलं असतं, ठेकेदारही तेवढंच आणतो, मागच्या वर्षी एका ठेकेदाराच्या पोरांनी आमच्या समोरच्या इमारतीत अर्धी वीट बांधून दोरी टाकली आणि खाली मुलं खेळत होती. महापालिकांनी, सोसायट्यांनी अटींत दोन ओळी वाढवाव्यात, वजनाच्या दोन वेगवेगळ्या थ्रो बॅग आणि झाडाच्या उंचीच्या दुपटीपेक्षा लांब थ्रोलाइन, आणि फेकताना खालची जागा दोरी लावून मोकळी. हार्नेसच्या मानाने याचा खर्च किरकोळ आहे.

शेवटी कामाची एक गोष्ट, पिशवीची शिवण उसवली तर चिकटपट्टी लावून वापरत बसू नका, छर्रे झाडाखाली सांडतात आणि शिसं विषारी असतं. फेकाफेकी झाली की हात साबणाने धुवा, मगच चहा घ्या, आमच्याकडे पोरांना हे रोज सांगावं लागतं.

आपला,
एक वाचक, ठाणे